वीस गुणांचा बाजार

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

गावच्या पोलीस पाटलाची परीक्षा शंभर गुणांची असते. ऐंशी गुण लेखी, वीस गुण तोंडी, म्हणजे मुलाखतीचे. ऐंशी गुणांसाठी आमची मुले दोनशे-अडीचशे रुपयांचे पुस्तक विकत घेतात. वीस गुणांसाठी आमचे बाप तीन लाखांचा माणूस विकत घ्यायला निघतात. या उलट्या हिशेबाबद्दल आज चार शब्द लिहायचे आहेत. ते कडू लागतील. लागू द्यात. पाडव्याला कडुलिंबाचा पाला आपण खातोच की नाही?

आधी ही जागा आपल्यापर्यंत आली कशी ते पाहा. आमचा आष्टी तालुका सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात गावोगाव माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी असत, आणि हे हुद्दे बापाकडून लेकाकडे जात. पाटलाचा लेक पाटील, मग तो शहाणा असो की खुळा. कुंभाराने मडके घडवावे, लोहाराने फाळ पाजवावा, महाराने निरोप्याचे काम करीत उन्हातान्हात पळावे, आणि पाटलाने ओट्यावर बसून न्याय सांगावा, अशी ती घडी. महाराष्ट्रात 1962 च्या कायद्याने वंशपरंपरेची पाटीलकी मोडली आणि 1967 साली ग्रामपोलीस अधिनियम आला. तेव्हापासून पोलीस पाटील हा रक्ताने होत नाही, नेमणुकीने होतो. आज दहावी शिकलेला, पंचवीस ते पंचेचाळीस वयाचा, त्याच गावी राहणारा कोणीही अर्ज करू शकतो. मागासवर्गीयांना राखीव जागा आहेत, स्त्रियांना आहेत. ज्या ओट्याखाली आपल्या आजीने चप्पल काढून हातात घेतली, त्या ओट्याचा अधिकार आज तिच्या नातसुनेला परीक्षा देऊन मिळू शकतो. एवढी मोठी गोष्ट घडली आणि आपण काय केले? ओट्याची किंमत विचारीत बाजारात हिंडू लागलो.

माझ्या गावची गोष्ट सांगतो. नावे सांगत नाही. ज्यांची ती आहे त्यांना ती सोसायला पुरेशी आहे.

एका वर्षी आमच्या गावची पोलीस पाटलाची जागा स्त्रियांसाठी राखीव निघाली. गावातल्या एका सुनेने अर्ज केला. दहावी झालेली, हुशार, अक्षर मोत्यासारखे. सासू-सासरे आणि नवरा दरसाल दसऱ्यानंतर कारखान्यावर ऊस तोडायला जाणारे. लेखी परीक्षा झाली आणि मुलाखतीचा कागद आला. दुसऱ्या दिवशी सासरा शाळेच्या दारात उभा.

"गुरुजी, लेखी तिची तिनं दिली. तोंडीचं त्यो मानूस बघतो म्हनलाय. वर द्यावं लागतं म्हनं. तीन लाख."

"कुठून आणणार?"

"मुकादमाकडून उचल घितो. पुढच्या दोन सालाची."

वाचकहो, त्या क्षणी मास्तराचे काम काय होते? त्याला तिथेच बसवून खडू हातात घ्यायचा आणि फळ्यावर हिशेब मांडायचा. मी काय म्हणालो? "बघा बुवा, तुमचं तुम्ही." एवढे बोलून मी हजेरी घ्यायला आत गेलो. आज दुसऱ्यांना शहाणपण शिकवतो आहे, म्हणून माझे हे पाप आधी कबूल करतो.

निकाल लागला. तिचे नाव नव्हते. दलालाने दीड लाख परत दिले, दीड लाख "वर गेले" म्हणाला. पुढे मी तिला माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून दिला. त्याला दहा रुपये लागले. कागद हातात आला तेव्हा दिसले की तिला लेखीत 58 आणि मुलाखतीत 14 मिळाले होते. निवड झालेल्या बाईला लेखीत 66 आणि मुलाखतीत 11. म्हणजे मुलाखतीत आमची सून निवड झालेल्या बाईच्या पुढे होती! ती हरली लेखीत, आठ गुणांनी. मुलाखतीतले चौदा गुण कोणाचे? दलालाचे? तो तर म्हणाला होता, वीसपैकी वीस खिशात आहेत. ते चौदा गुण तिचे स्वतःचे होते, तिच्या तोंडचे, तिच्या अकलेचे. जे तिच्या पदरात फुकट पडणार होते त्याची किंमत म्हणून घर दोन साल गहाण पडले. पैशापेक्षा वाईट म्हणजे तो कागद हाती येईपर्यंत ती बाई स्वतःला नापास समजत होती.

तो हिशेब मी तेव्हा फळ्यावर मांडला नाही. आज मांडतो. 2024 च्या जानेवारीत ऊसतोडणीचा दर टनाला 366 रुपये ठरला. त्या दराने तीन लाख म्हणजे सुमारे 820 टन ऊस. नवरा-बायकोच्या एका कोयत्याने दिवसाला दोन टन तोडला तरी 410 दिवस. हंगाम फार तर पाच-सहा महिन्यांचा. म्हणजे दोन हंगामांहून जास्त काळ पहाटे थंडीत उठून, पाचटाने हात कापून घेऊन, पोरे फडात निजवून जे तोडायचे, ते सगळे वीस गुणांना. आता दुसऱ्या बाजूने पाहा. पोलीस पाटलाचे मानधन 2024 साली महिना 15,000 झाले. तीन लाख म्हणजे वीस महिन्यांचे मानधन. एका गुणाला एक महिना! मग तो पाटील वीस महिने खाणार काय? तो खाणार तुम्हाला. तुमच्या दाखल्यावर खाईल, तुमच्या भांडणावर खाईल, तुमच्या घरी कोणी विहिरीत पडले तर पंचनाम्याच्या वेळी खाईल. तुम्ही गावासाठी पाटील नेमीत नाही, गावाच्या मानेवर सावकार बसवता.

आता या दलालाची विद्या उघडी करतो. ती फार सोपी आहे. पूर्वी गावात एक जोशीबुवा यायचा. गरोदर बाईच्या सासूला म्हणायचा, मुलगाच होईल, सव्वा रुपया ठेवा. दहा घरी असेच सांगायचा. पाच घरी मुलगा व्हायचाच. त्या पाच घरी त्याला पागोटे मिळायचे. उरलेल्या पाच घरी तो म्हणायचा, तुमच्या ग्रहाने घात केला. जोतीरावांनी 1855 साली 'तृतीय रत्न' नाटक लिहिले ते याच भीतीच्या धंद्यावर. आजचा दलाल तोच जोशी आहे, फक्त पंचांगाच्या जागी मोबाइल आला. तो एका जागेच्या दहा उमेदवारांकडून पैसे धरतो. एकाची निवड व्हायचीच आहे. जो स्वतःच्या बळावर लागला, त्याचे पूर्ण पैसे दलालाचे. उरलेल्या नऊ जणांना अर्धे परत देऊन तो "सज्जन माणूस, पैसे बुडवले नाहीत" असा नावलौकिकही घेतो. प्रांतसाहेबांच्या कचेरीची पायरीसुद्धा त्याला चढावी लागत नाही. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते असे.

याहून मोठी लूट तर जिथे मुलाखतच नाही तिथे चालते. आपल्या आष्टी-कड्याची शेकडो मुले पहाटे चारला उठून डांबरी रस्त्याने धावतात. त्यांना शिपाई व्हायचे आहे. पोलीस शिपायाच्या भरतीत पन्नास गुण मैदानाचे आणि शंभर गुण लेखी. पुरुषांना सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळा. स्त्रियांना आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळा. सोळाशे मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांत धावला की वीसपैकी वीस गुण. लेखीत अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान. संपले! यात मुलाखत कुठे आहे? कुठेच नाही. घड्याळाशी काय मुलाखत घेणार? तरीही "शिपायाच्या मुलाखतीचे सेटिंग" म्हणून पैसे गोळा करणारे आहेत आणि देणारेही आहेत. 2024 च्या भरतीत साडेसतरा हजारांच्या आसपास जागांना सतरा लाखांवर अर्ज आले. एका जागेला शंभर जण. या शंभरांची भीती हेच दलालाचे शेत. म्हणून पहिला धडा असा की सरकारी जाहिरात स्वतः वाचा. शेवटपर्यंत वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत या, मी वाचून दाखवतो. जाहिरातीत जे छापलेले नाही त्याचे पैसे मागणारा माणूस चोर आहे, मग तो पाहुणा असो की पुढारी. फौजदाराच्या जागेला, म्हणजे लोकसेवा आयोगाच्या उपनिरीक्षक परीक्षेला, मुलाखत असते, चाळीस गुणांची. पण तिथपर्यंत पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मैदान या तीन चाळण्यांतून जावे लागते. चाळणीतून गेलेल्या दाण्याला दलाल लागत नाही.

इथे कोणी म्हणेल, "गुरुजी, तुम्हाला व्यवहार कळत नाही. सगळीकडे असेच चालते." बंधूंनो, सगळे अधिकारी धुतल्या तांदळासारखे आहेत असे मी म्हणत नाही. कोणी खरोखरच मागितले तर काय करावे तेही सांगतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा फोन 1064. लाच देणाराही गुन्हेगार, असे 2018 च्या दुरुस्तीनंतरचा कायदा म्हणतो. मात्र जबरीने द्यावी लागली आणि सात दिवसांत कळवले, तर देणाऱ्याला संरक्षण आहे. म्हणजे गप्प बसणे आता नुसते भित्रेपणाचे राहिले नाही, ते बेकायदाही झाले.

आणि एक घरचे बोलतो. पूर्वी टेबलापलीकडे भटजी बसला होता, तेव्हा आपण म्हणत होतो की हा आम्हाला आत येऊ देत नाही. ते खरेच होते, आणि त्यासाठी आपल्या वाडवडिलांनी लढा दिला. शाहू महाराजांनी 1902 साली करवीर संस्थानात निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, तेव्हा केवढा गहजब झाला! पण आज? आज टेबलापलीकडे बहुधा आपलाच कोणी बसलेला असतो, आणि त्याच्या नावाने पैसे मागणारा दलाल तर आपल्या भावकीतलाच असतो. लग्नात तो पहिल्या पंगतीला, हरिनाम सप्ताहात पहिल्या रांगेला. आता शिव्या कोणाला देणार? परक्याने लुटले तर आपण मोर्चा काढतो. घरच्याने लुटले तर त्याला "साहेब" म्हणतो. जातीच्या नावाने मिळालेली जागा जातभाईलाच विकत घ्यावी लागत असेल, तर सुधारणा झाली कोणाची?

मग तयारी कशी करावी? नुसती टीका करून मास्तराला सुटता येत नाही. त्या सुनेच्या प्रसंगानंतर मी आमच्या शाळेपुढच्या लिंबाखाली रविवारी संध्याकाळी बैठक सुरू केली. आजूबाजूच्या गावांचे उमेदवार येतात. एक खुर्ची ठेवतो, तिच्यावर उमेदवार बसतो. समोर मी बसत नाही, गाव बसते. म्हाताऱ्या, गवंडी, मेंढपाळ, शिंपी. ज्यांना पोलीस पाटलाची गरज पडते ती माणसे प्रश्न विचारतात. पहिल्याच रविवारी एका विधवा म्हातारीने विचारले, "माझं लेकरू साप चावून मेलं, तवा पाटील दोन दिसांनी आला. तू किती वेळानं येशील?" पुस्तक पाठ केलेला उमेदवार गप्प झाला. कोणताही साहेब याहून अवघड प्रश्न विचारणार नाही.

तिथे जे शिकलो ते थोडक्यात देतो.

पहिले म्हणजे काम माहीत पाहिजे. गावात गुन्हा घडला किंवा संशयाने कोणी मेले, तर ठाण्याला तात्काळ खबर द्यायची. पोलीस येईपर्यंत प्रेत हलवू द्यायचे नाही, जागा तुडवू द्यायची नाही. रोगाची साथ, पूर, आग यांची वर्दी द्यायची. मदतीला 112, आणि लेकराच्या बाबतीत 1098, हे आकडे झोपेत विचारले तरी सांगता आले पाहिजेत.

दुसरे म्हणजे कायदा माहीत पाहिजे, आणि तो नवा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहेत. जुन्या पुस्तकातली कलमे सांगाल तर हसे होईल. फिर्यादीची नक्कल फिर्याद देणाऱ्याला फुकट मिळते. गुन्हा कोणत्याही ठाण्याच्या हद्दीतला असो, ठाण्याने तो आधी नोंदवून घ्यायचा असतो. अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. अपवाद वगळता स्त्रीला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही. आणि आपल्या राज्याचे दोन कायदे विसरू नका, जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा. गावात कोणी कोणाला वाळीत टाकले तर तो आता पंचांचा मान राहिलेला नाही, गुन्हा आहे.

तिसरे म्हणजे आपला जिल्हा माहीत पाहिजे. बीडच्या उमेदवाराला बालविवाहावर विचारणारच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर बायकांत चाळिसांहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले निघाले. उमेदवार घोकून आलेला असतो: "मी समाजात जनजागृती करीन." असे उत्तर देऊ नका. लिंबाखाली एका पोरीने दिलेले उत्तर असे होते: "कोयत्याला जोडी लागते म्हणून लग्न लवकर होते. आई-बाप फडात गेल्यावर पोरीला कोणाच्या भरवशावर ठेवायचे ही भीती असते. मी दसऱ्याआधी अशा घरांची यादी करीन, पोरींच्या वसतिगृहाची सोय शाळेला आणि ग्रामसेवकाला विचारीन, आणि तरीही मांडव पडला तर 1098 ला कळवीन, मांडव माझ्या दिराचा असला तरी." असे उत्तर विकत मिळत नाही. ते घरातच असते, आपण ते लाजून झाकून ठेवतो.

चौथे जातीबद्दल. 9 डिसेंबर 2024 ला केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचाचा खून झाला आणि त्यानंतर आपल्या जिल्ह्यात माणसे एकमेकांची आडनावे विचारून बोलू लागली. पुढे 2025 साली बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावे काढून नुसती नावे ठेवायला लावली. यावर तुमचे मत काय, असे विचारले तर? पाटीवरचे आडनाव स्क्रू काढून निघते. पण मध्यरात्री दोन घरी भांडण झाले आणि एक घर तुमच्या जातीचे असले, तर आधी कोणाचे दार वाजवाल? याचे उत्तर खुर्चीत बसण्याआधी स्वतःला देऊन ठेवा. ते खोटे असेल तर मुलाखतीला जाऊच नका.

पाचवे बोलण्याबद्दल. आमची मुले साहेबापुढे "पाणी" म्हणावे की "पानी" या धास्तीने मुकी होतात. लिहिताना शुद्ध लिहा, त्याचे गुण आहेत. पण बोलताना जीभ कोणाकडून उसनी आणू नका. पाटलाला गावाशी बोलायचे आहे आणि गाव तुमच्याच बोलीत रडते. धुतलेले कपडे घाला, नमस्कार करा, ठाऊक नसेल तर "माहीत नाही साहेब" म्हणा आणि ठाऊक असेल तर मान वर करून सांगा.

आणि लेखीचे ऐंशी विसरू नका. आमची सून आठ गुणांनी मागे पडली. आठ गुण म्हणजे दोन महिने रोज एक तास अंकगणित. तीन लाख नव्हे.

ती जागा आता भरली. आमच्या गावात पुन्हा ती कधी निघेल कोण जाणे. पण ती सून दर रविवारी लिंबाखाली येते. मागची उचल अजून फिटायची आहे. यंदा ती स्वतःही कोयत्याला जाणार आहे, असे परवा सासरा मान खाली घालून सांगून गेला. तोवर मात्र उमेदवारांना सर्वांत अवघड प्रश्न तीच विचारते, आणि प्रत्येकाला शेवटी एकच: "कुणाला पैसं दिलंत का?" जो दिले म्हणतो त्याला ती खुर्चीवरून उठवते. म्हणते, "तुमची मुलाखत झाली."

बंधुभगिनींनो, यंदा मुकादम उचल घेऊन दारात येईल तेव्हा पोटासाठी घ्यावी लागली तर घ्या. वीस गुणांसाठी घेऊ नका.

आपला,
एक शाळामास्तर
ता. आष्टी, जि. बीड